खेळणा नदीतला गुडघा

नवा मिक्सर घरी आला की सगळे मिक्सरभोवती जमतात. भांडी किती, वॉरंटी किती, चटणीचं भांडं मागच्यापेक्षा लहान का दिलंय, अशी चर्चा रंगते. मी खोक्यापाशी असतो. मिक्सर ज्यात बसून आला तो थर्माकोल कोपरे न मोडता बाहेर काढायचा, उलटासुलटा करून बघायचा, आणि मिक्सरचं बूड जिथे टेकलं होतं त्या खळग्यात एखादा तलाव दडलाय का ते ताडायचं. बहुतेक वेळा दडलेला असतो. मग मिक्सर चालतो की नाही याच्याशी माझा संबंध उरत नाही.

हा छंद म्हणजे टेबलावरची युद्धं. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर इंचभर उंचीचे, हाताने रंगवलेले शिशाचे किंवा प्लास्टिकचे सैनिक, चाल मोजायला टेप आणि निकाल लावायला फासे. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं जातो, त्याला वाटेत चिखल लागत नाही. इथे लागतो. टेकडीवरच्या तोफेला फायदा, झाडीतल्या पायदळाला आडोसा, नदीत उतरलेल्या घोडदळाचा वेग निम्मा. म्हणजे टेकडी आली, झाडी आली, नदी आली. या सगळ्याला खेळणारे ‘टेरेन’ म्हणतात, आमची आई ‘पसारा’ म्हणते. सैनिक विकत घ्यावे लागतात, त्याला इलाज नाही. पण टेकडीसुद्धा विकत आणणारा माणूस माझ्या लेखी दुकानातून पुरणपोळ्या आणून ‘आज आमच्याकडे पुरण होतं’ असं सांगणाऱ्यांच्या पंगतीतला.

खरं म्हणजे युद्ध हे निमित्त आहे. मला माहीत असलेले बहुतेक टेरेनवाले वर्षभर डोंगर करतात आणि लढाईचा दिवस आला की ‘अजून दोन झाडं राहिलीयेत’ म्हणून ती पुढे ढकलतात. तह करण्यापेक्षा ही पद्धत सोपी. यात कुणाचाच मुलूख जात नाही.

या छंदासाठी मराठी मध्यमवर्गीय घरासारखी जागा शोधून सापडणार नाही. आमच्या ओट्याखालचा डावीकडचा कप्पा ‘लागेल कधीतरी’ या खात्याकडे आहे. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, धुऊन घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या, मिठाईच्या खोक्यांचे सोनेरी दोरे, झाकण नसलेल्या बरण्या आणि बरण्या नसलेली झाकणं. हे सगळं आईने अनेक वर्षं जपलं. कशाला लागेल हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. अशा वेळी ज्याला ते खरोखर लागतं असा मुलगा पोटी यावा, यापरतं भाग्य कुठलं? पण घडलं ते असं :

“अरे, तो डबा कुठे नेलास? लागेल म्हणून ठेवला होता मी!”

“लागलाच ना आता?”

“असा नव्हता लागायचा.”

कसा लागायचा होता, ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

दुसरा वाटेकरी रद्दीवाला. पुठ्ठा म्हटलं की तो काटा काढतो, मी नख काढतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद पाण्याने हलकेच ओला करून सोलला की आतली नागमोडी पन्हळ उघडी पडते. ती राखाडी रंगवून कडांना थोडा गंज दिला की पत्र्याचं छप्पर तयार. फक्त साल सांभाळायचं. पन्हाळी पत्र्याचं पेटंट इंग्लंडात १८२९ साली घेतलं गेलं. म्हणजे पेशवाईतल्या गावावर ते छप्पर चढवलं तर येणारे पाहुणे काही म्हणत नाहीत, पण टेरेनवाले एकमेकांकडे बघतात. आमच्या क्षेत्रात एवढं पुरतं.

या विषयावरची बरीच पुस्तकं इंग्लंडात लिहिली गेली, आणि त्यातला एकूण एक बुरूज टॉयलेट रोलच्या आतल्या नळीतून उभा राहतो. नळी घ्या, वरच्या कडेला खाचा पाडा, रंगवा, झाला बुरूज. साहेबाच्या घरात या नळ्यांना तोटा नाही. आपली व्यवस्था पाण्यावर आधारलेली. मगातून बुरूज निघत नाही. त्यामुळे आमच्या तटबंदीची मदार अॅल्युमिनियम फॉइलच्या नळीवर आणि कापडाच्या दुकानदाराशी जोडलेल्या ओळखीवर. ढिगाऱ्याचे दगड म्हणून त्या पुस्तकांत मांजरासाठी आणायचे खडे पसरतात. आमच्या इमारतीतलं मांजर या कामासाठी तळमजल्यावरच्या जोशींच्या कुंड्या वापरतं आणि खड्यांचा खर्च वाचवतं.

पण ज्याची उणीव त्याची भरपाई देवघरात होते. उदबत्त्या जळून गेल्यावर उरणाऱ्या काड्या कुंपणाला इतक्या योग्य जाडीच्या असतात, की त्या मुळात कुंपणासाठीच करत असावेत आणि सुगंध हे जोडउत्पादन असावं. नारळाची शेंडी विंचरून, कापून एकसारखी चिकटवली की गवताने शाकारलेलं छप्पर होतं. खराट्याचे हीर म्हणजे बांबू. रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं भविष्यातल्या युद्धांसाठी ठेवायची. तो चंदेरी, फुगीर टिकल्यांचा पत्रा अंतराळयानाच्या दारावर फार शोभतो. ‘वॉरहॅमर’ हा टेबलावरच्या युद्धाचा खेळ काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या मासिकानेच १९८०च्या दशकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा ते छापलं होतं. आज तीच कंपनी भिंतीचे तुकडे खोक्यात घालून विकते, आणि किंमत बघून वाटतं की डिओडरंटही आतच असावं.

या प्रकाराला मोठ्या घराण्याचा इतिहास आहे, हे मी घरात वेळोवेळी सांगत असतो. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने प्रशियाच्या राजाला एक भलंमोठं कपाटवजा टेबल भेट दिलं. त्यावर उंचसखल, रंगवलेले चौकोनी तुकडे हवे तसे मांडून रणभूमी करता येई. ते सरकारी काम, त्यात भंगाराचा आनंद नाही. तो आणला एच. जी. वेल्सने. मंगळावरचे लोक इंग्लंडात उतरवणारा हाच तो. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्याच्या खेळाची सुरुवातच मुळी जेवणानंतर एका मित्राने खेळण्यातल्या तोफेने सैनिक उडवला तिथून झाली. (हा मित्र म्हणजे ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम, असं मानतात.) मग दुसऱ्या एका मित्राबरोबर त्याने गालिच्यावर मुलूख मांडला, तो ज्ञानकोशाच्या जाडजूड खंडांचा. पुढे बागेतल्या डहाळ्यांची झाडं आली, पुठ्ठ्याची घरं आली. पन्नाशीकडे झुकलेला, जगभर वाचला जाणारा लेखक जमिनीवर पालथा पडून तोफेचा नेम धरतोय, आणि बायको वरून बघतेय. हे दृश्य मी आमच्याकडे पुरावा म्हणून सादर केलं. “तो निदान लिहायचा तरी,” असा निकाल लागला.

ज्ञानकोशाची युक्ती मात्र आपल्याकडे जास्तच चालते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड ज्यांच्या घरी आहेत त्यांनी डोंगरांची चिंताच करू नये. दोन खंड आडवे, त्यावर एक थोडा सरकवून, वरून हिरवी चादर. जुने खेळाडू असंच करत. सह्याद्रीचे टप्पे इतके हुबेहूब येतात, की विश्वकोश मंडळाने हा उपयोग प्रस्तावनेत नमूद करायला हरकत नव्हती.

आता चहाच्या चोथ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या एका बाबतीत परदेशी पुस्तकावर विसंबणं धोक्याचं आहे. पुस्तक म्हणतं : वापरलेली चहाची पिशवी वाळवा, फोडा, आतला चुरा जमिनीवर चिकटवा, जंगलातला पालापाचोळा तयार. त्यांचं ठीक आहे. त्यांची पिशवी गरम पाण्यात बुडी मारून लगेच बाहेर येते. आपला चहा पातेल्यात दूध, साखर, आलं, वेलची यांच्याबरोबर उकळ्या खाऊन निघतो. तो चोथा तसाच चिकटवला तर पहिल्याच रात्री मुंग्या येतात. आणि येतात त्या काय शिस्तीने! आमचे सैनिक मांडायला अर्धा तास लागतो. त्या रांगेतच येतात, टेकडीची उत्तर बाजू ताब्यात घेतात आणि रसद मागे पाठवायला लागतात. प्रमाणात पाहिलं तर मुंगळा आमच्या सैनिकाच्या शेजारी कुत्र्याएवढा भरतो. एवढ्या कुत्र्यांपुढे कुठली पलटण टिकणार?

म्हणून चोथा तीन पाण्यांनी धुवायचा. वेलचीची सालं निवडून टाकायची, आल्याचे धागे मात्र ठेवायचे, ते उन्मळून पडलेल्या खोडांसारखे दिसतात. मग वर्तमानपत्रावर पसरून कडक उन्हात वाळवायचा आणि शेवटी तव्यावर मंद आचेवर परतायचा, म्हणजे बुरशी धरत नाही. तव्याबद्दल घरात वेगळी बोलणी करावी लागतात. चोथ्यावर पहिला हक्क गुलाबाच्या कुंडीचा, हे आईचं म्हणणं, आणि तिचा दावा जुना आहे. सध्या सकाळचा चहा गुलाबाला आणि दुपारचा जंगलाला, असा करार आहे. पाहुणे आले की मी तिसऱ्यांदा चहा टाकायला सांगतो. लोकांना आमचं घर अगत्यशील वाटतं.

थर्माकोलचे नियम त्याहून कडक. तो कापताना सुटणारे पांढरे मणी हात, भिंत, पंखा आणि ताटातली आमटी यांत भेदभाव करत नाहीत. कापून झालं की फेविकॉल, भिंतीचा उरलेला रंग आणि चाळलेली वाळू यांचा लेप द्यायचा. वाळूला पुण्यात तोटा नाही, शेजारची एक तरी इमारत नेहमी पाडलेली असते. हा लेप वाळल्याशिवाय स्प्रेचा डबा जवळ आणायचा नाही. स्प्रेतलं द्रावण थर्माकोल खातं. फुस्स आवाज येतो आणि डोळ्यांदेखत टेकडीची दरी होते. नवशिक्यांच्या मुलखात ज्वालामुखी फार असतात ते यामुळे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली, मखरं पुठ्ठ्याची झाली. योग्यच झालं. फक्त त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या जुन्या मखराचे चार खांब कचऱ्यात न जाता एका रोमन देवळात लागले, याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट प्रमाणाची. आमचा नेहमीचा सैनिक २८ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण छप्पन्न पट लहान केलेला माणूस. त्याच हिशेबाने ठासणीच्या बंदुकीचा शंभर मीटरचा पल्ला टेबलावर जवळजवळ सहा फूट होतो. म्हणजे या टोकाच्या शिपायाने जागेवरून न हलता त्या टोकाचा सेनापती टिपावा आणि सगळ्यांनी जेवायला जावं. म्हणून सैनिक एका मापाचा आणि जमीन दुसऱ्या, बऱ्याच लहान मापाची, अशी तडजोड केलेली असते. एक घर म्हणजे वाडी. दोन घरं म्हणजे गाव. तीन घरं असतील तर त्याला बाजारपेठ समजायचं आणि लुटीचा नियम लावायचा.

लहानपणी दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला हा हिशेब कधीच करावा लागला नव्हता. विटा, डबर, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेली लाल माती, आणि वसुबारसेपर्यंत उगवून यावेत म्हणून बेताने पेरलेले अळीव. मग बाजारातून आणलेली चित्रं मांडायची. महाराज सिंहासनावर, आणि ते बरोब्बर दिंडी दरवाजाच्या दुप्पट उंच. मावळ्याच्या खांद्याएवढा तोफेचा गाडा, तोफेएवढी भाजीवाली, आणि गुहेतला वाघ असा, की तो बाहेर आला असता तर गडाला शत्रूची गरज उरली नसती. सलाइनच्या नळीचं कारंजं. पायथ्याशी गेल्या वर्षीची क्रिकेटची टीम, कारण ती टाकवत नव्हती. युरोपातले लोक रंगवलेल्या भुशाचं गवत करतात. आमचं गवत खरं होतं, रोज वाढायचं, आणि भाऊबीजेपर्यंत मावळे कमरेइतक्या रानात बुडालेले असायचे. हे प्रमाण कुणी मोजलं नाही. आणि सगळं आवरताना, घरातलं मोठं माणूस कुणी बघत नाहीसं पाहून, बालेकिल्ल्याखाली सुतळी बॉम्ब लावायचा. फाशांवर एवढा निर्णायक निकाल मी अजून पाहिलेला नाही.

एवढी पूर्वतयारी असल्यावर मी असईची लढाई करायला घेतली यात नवल नाही. जालना जिल्ह्यातलं असई, २३ सप्टेंबर १८०३. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, त्यांच्या कवायती पायदळावर पोलमान नावाचा हॅनोव्हरचा गृहस्थ, आणि शंभराच्या आसपास तोफा. दुसरीकडे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली, मोजकं सैन्य घेऊन. मध्ये खेळणा नदी, मागे जुई. वाटाडे म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरुड, आणि ताडलं की समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधून येजा असणार, म्हणजे उतार असणार. होता. तिथून सैन्य पलीकडे काढलं आणि भयंकर किंमत मोजून लढाई जिंकली. उतारवयात त्याला विचारलं, तुमची सर्वोत्तम लढाई कोणती, तर वॉटर्लू सोडून तो असई म्हणाला.

म्हणजे या टेबलावर गावं फार महत्त्वाची. विलायतेत असईची मांडणी करतात तेव्हा वाळवंटी मुलखासाठी केलेली सपाट धाब्याची मातीची घरं बिनदिक्कत वापरतात. ती चालूनही जातात, कारण मराठवाड्यातली माळवदाची घरं तशीच सपाट. त्यांच्याशेजारी उंट बांधतात तेवढंच खटकतं. माझी घरं साबणाच्या खोक्यांची. त्यांवर फेविकॉल, लाकडाचा भुसा आणि मुलतानी माती यांचा गिलावा. मुलतानी मातीइतका मराठवाड्याच्या पांढऱ्या मातीचा रंग दुसऱ्या कशाला येत नाही. बायकोने तिची डबी अर्धी झालेली पाहिली आणि विचारलं, “तू लावतोस चेहऱ्याला?” मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “मग सोड, उपयोग नाही.”

राहिली नदी. फेविकॉलचे थर देऊन पाणी करता येतं, पण पावसाळी हवेत ते वाळता वाळत नाही. काच फुटते. जुन्या सीडीचं पाणी सरळ इंद्रधनुष्यात जातं. आणि मग कपाटावरच्या मोठ्या पिवळट पाकिटात हात गेला. मराठी घरात एक्स-रे टाकत नाहीत. माणूस बरा झाला, डॉक्टर निवृत्त झाले, तरी एक्स-रे राहतो. काळपट निळी, चकचकीत, लवचीक फिल्म, भाद्रपदातल्या गढूळ पाण्यावर ढग उतरावेत तशी छटा. आत्याचा गुडघा, समोरून आणि बाजूने. चार इंच रुंद पट्ट्या कापल्या, खालून तपकिरी रंग दिला, काठांना वाळू आणि आल्याचे धागे लावले. एवढ्यावरही खालून दोन हाडं उजळून दिसत राहिली, दोन्ही काठांकडून मधोमध येऊन थबकलेली, त्यांच्यामध्ये बारीक फट आणि फटीवर वाटी. रंगाचा आणखी एक हात दिला असता तर ती बुजली असती. पण ती नेमकी पिंपळगाव आणि वरुडच्या मधे आली होती. इतका नैसर्गिक उतार मला सुचला नसता.

लढाईच्या रविवारी मित्र वेलस्ली होऊन आला. सैनिक मांडून होईपर्यंत आत्याही आली. दुसऱ्या दिवशी तिला गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जायचं होतं आणि त्याने जुना एक्स-रे मागवला होता. आधुनिक युद्धखेळाचा एक जनक डोनाल्ड फेदरस्टोन, ज्याचं ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली आलं, तोही पेशाने फिजिओथेरपिस्टच, हे मी तिला लगेच सांगितलं. तिने ते बाजूला ठेवलं.

“माझा गुडघा कुठाय?”

“पिंपळगाव आणि वरुडच्या मधे.”

आत्याने चष्मा लावला, टेबलावर वाकली, नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग वाटीपाशी थांबली.

“आणि हे लाल डगलेवाले कुठे निघालेत त्याच्यावरून?”

“इंग्रज आहेत. उतार सापडलाय त्यांना. पलीकडे जातायत.”

“आपलं कुणी नाही तिथे?”

“नव्हतं. खऱ्या लढाईतही तो उतार कुणी अडवला नव्हता.”

“का?”

या प्रश्नावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलंय. मी पोलमानची बाजू मांडायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं, त्याचा अंदाज होता, वगैरे. आत्याने तोवर खुर्ची ओढून घेतली होती, आणि दुखरा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून आमच्या उजव्या फळीतल्या तोफा एकेक करून उचलायला सुरुवात केली होती.

“आत्या, अशा नाही हलवता येत. एका चालीत फक्त सहा इंच.”

“मग मोज ना टेपने. मी कुठे नाही म्हणतेय?” चौथी तोफ वरुडच्या साबणाच्या खोक्यामागे ठेवून ती म्हणाली. “जिन्याची एक पायरी चढताना जीव जातो माझा, आणि हा मेला घोड्यांसकट चाललाय त्याच्यावरून. दे ते फासे इकडे.”

मित्राने नियमांचं पुस्तक उघडलं. पाच-सहा पानं उलटली, मग मिटून बाजूला ठेवलं आणि आत्याला विचारलं, वेलस्लीला माघारी जायला परवानगी आहे का.

“चहा घेऊन जा म्हणावं,” आत्या म्हणाली. मी लगेच उठून पातेलं चढवलं. जुईच्या काठावरचं अर्धं जंगल अजून राहिलं होतं.